नागपूरला जाताय? माहेरवाशिणीकडून चार गोष्टी ऐकून जा

माझं माहेर नागपूरच्या गोळीबार चौकाजवळचं आणि सासर समुद्रपूर तालुक्यातलं, जामच्या चौरस्त्यापासून सहा किलोमीटर आत. लग्न होऊन आले तेव्हा गावातल्या बायका मला नावानं नाही, 'नागपूरवाली' म्हणूनच हाक मारायच्या. आता सोळा वर्षं झाली, मी गावाची आशा सेविका आहे. तरी कुणाचं नागपूरला जायचं निघालं की आदल्या संध्याकाळी माणसं माझ्याच ओसरीवर येऊन बसतात. "ताई, मेडिकलले कोन्या गाडीनं जाव?" "पोरीच्या लग्नाचे कपडे कोठी घ्याव?" "हायकोर्ट बर्डीपासून पायी जाता येते का वं?" सांगून सांगून मला आता सगळा क्रमच पाठ झालाय. तोच इथे लिहून ठेवते. ज्यांच्या गावात असं सांगणारं कुणी नाही, त्यांच्याही कामी येईल.

एक गोष्ट मनात सलते, ती आधी सांगते. आपली माणसं नागपुरात अंग चोरून वावरतात. पिशवी पोटाशी धरून, कुणाला काही न विचारता, काम झालं की धावत स्टँडवर. दहा वेळा जाऊन आलेल्या माणसाला विचारा, नागपूर कसं आहे, तर तो दवाखान्याची रांग सांगतो. मला याचं फार वाईट वाटतं. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, ती आपल्या याच काळ्या मातीतल्या कापसाच्या भरवशावर. हिंगणघाटचा कापूस तेव्हा दूरदूरच्या बाजारांत नावानं ओळखला जायचा. माझे बाबा गोळीबार चौकात मागावर लुगडी विणायचे आणि माझे सासरे इथे कापसाची पऱ्हाटी लावायचे. ते शहर उभं राहिलं त्यात आपल्याही वावराचा वाटा आहे. तिथं मान वर करून फिरावं, आणि ते जमावं म्हणून घरून थोडी तयारी करून निघावं.

आदल्या दिवशी

कागदांची पिशवी वेगळी ठेवा. भाकरीच्या पिशवीत रिपोर्ट कोंबू नका. चटणीचं तेल लागून अक्षर उडालेले रिपोर्ट मी पाहिले आहेत. आधार आणि राशनकार्ड मूळ घ्या, शिवाय दोन-दोन झेरॉक्स. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात नवा वर. एक्स-रे दुमडू नका. सध्या ज्या गोळ्या सुरू आहेत त्यांची रिकामी पाकिटंही चालतील, पण सोबत घ्या. "एक लाल गोळी सकाळी, एक पांढरी रात्री" एवढ्यावरून डॉक्टरला काही कळत नाही.

राशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर पडताळा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात, पण ते या दोन कागदांच्या भरवशावर. आमच्या गावच्या एका काकाजींच्या नावापुढे एका कागदावर 'राव' होतं आणि दुसऱ्यावर नव्हतं. पोटाचं ऑपरेशन ठरलेलं, माणूस पलंगावर, आणि मुलगा त्या दोन अक्षरांसाठी तहसील ते नागपूर तीन चकरा मारत राहिला. तेव्हापासून मी गावात कुणाचंही राशनकार्ड हातात आलं की आधी नाव वाचते. तुम्हीही आजारपण यायच्या आधीच हे करून ठेवा.

फोन भरून घ्या, पण घरचे दोन नंबर कागदावर लिहून खिशात असू द्या. म्हाताऱ्या माणसाच्या आणि लहान लेकराच्या खिशात तर नक्कीच. पैसे दोन ठिकाणी ठेवा. पाण्याची बाटली आणि दुपट्टा बारा महिने सोबत. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, आणि वावरात उन्हाची सवय आहे म्हणून डांबरावरच्या उन्हाला हलकं समजू नका. वावरात झाड तरी असतं. उन्हाळ्यात बाहेरची कामं सकाळी अकराच्या आत करा, मग संध्याकाळी पाचनंतर.

वार निवडता येत असेल तर सोमवार टाळा. रविवारची सुटी संपलेली असते, त्यामुळे दवाखान्यात तोबा गर्दी. आणि अजब बंगला म्हणजे जुनं संग्रहालय, आणि महाराजबागेतलं प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद. मंगळवार-बुधवार बरा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा सिव्हिल लाइन्स, झिरो माइल, टेकडी रोड या भागात मोर्चे अडवलेले असतात आणि लॉजमध्ये जागा मिळत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, त्या दिवशी महाल-इतवारीत गाडी शिरत नाही. मारबत पाहायची असेल तर मात्र त्याच दिवशी या. रामनवमीच्या संध्याकाळी शोभायात्रा असते. संक्रांतीच्या आसपास कुणाच्या मोटरसायकलवर मागे बसणार असाल तर गळ्याला दुपट्टा घट्ट गुंडाळा, पतंगाच्या मांजानं गळे कापले जातात.

कुठं उतरायचं

निम्म्या लोकांचा निम्मा दिवस इथेच वाया जातो, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या माणसांनाही अर्धं, आणि ७५ च्या वरच्यांना काहीच पैसे नाहीत. वयासाठी आधार दाखवावं लागतं, ते वरच्या खिशात ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. सुट्टे पैसे घ्या.

चंद्रपूर, वणी, हिंगणघाट या बाजूच्या गाड्या जामवरून बुटीबोरीमार्गे वर्धा रोडनं नागपुरात शिरतात. आपल्या लोकांना वाटतं, नागपूर म्हणजे गणेशपेठचं स्टँड. तिथपर्यंत बसून राहतात आणि मग उलटे मागे येतात. गाडीत चढल्याबरोबर कंडक्टरला विचारा, अमुक ठिकाणी थांबता का. एम्सला जायचं असेल तर शहरात शिरायचंच नाही. एम्स मिहानमध्ये आहे, गावाबाहेर. खापरीच्या आसपास गाडी थांबत असेल तर तिथंच उतरून ऑटो करा. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जायचं असेल तर छत्रपती चौक किंवा अजनी चौक सोयीचा. बर्डी (म्हणजे सीताबर्डी), इतवारी, रेल्वे स्टेशन, हायकोर्ट यांपैकी कुठं जायचं असेल तर खापरीला किंवा छत्रपती चौकात उतरून मेट्रो धरा, गर्दीत अडकणार नाही.

मेट्रोला भिऊ नका. मार्च २०१९ मध्ये ती खापरीहून बर्डीपर्यंत सुरू झाली आणि ११ डिसेंबर २०२२ पासून चारही दिशांना धावते. दोनच मार्ग आहेत, लक्षात ठेवायला सोपे. नारिंगी मार्ग दक्षिणेकडच्या खापरीहून उत्तरेकडे ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत. ॲक्वा मार्ग पूर्वेच्या प्रजापती नगरहून पश्चिमेच्या लोकमान्य नगरपर्यंत. दोन्ही सीताबर्डीला एकमेकांना भेटतात. गाडी बदलायची तर तिथंच, स्टेशनाबाहेर न पडता. खिडकीवर जाऊन स्टेशनाचं नाव सांगा, तिकीट मिळतं. ते फाटकाशी धरलं की फाटक उघडतं, आणि उतरताना पुन्हा लागतं, म्हणून फेकू नका. सरकत्या जिन्यावर म्हाताऱ्यांना चक्कर आल्यासारखं होतं. त्यांना ओढत नेऊ नका, प्रत्येक स्टेशनवर लिफ्ट आहे.

लेकरं सोबत असतील तर त्यांना खिडकीशी उभं करा. वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटर असा पूल आहे की खाली रस्ता, वर गाड्यांचा उड्डाणपूल आणि त्याच्याही वर आपली मेट्रो. पुढे गड्डीगोदामला तर खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांच्या माथ्यावर मेट्रो. माझ्या मुलानं तो पूल पाहिला आणि घरी येऊन महिनाभर माचिसच्या पेट्यांचा पूल बांधत होता.

पत्ता आणि ऑटो

नागपुरात रस्त्याचं नाव कुणी सांगत नाही. सगळं चौकांवर चालतं. मेडिकल चौक, पंचशील चौक, झाशी राणी चौक, व्हेरायटी चौक, बडकस चौक, जगनाडे चौक. कुणाच्या घरी जायचं असेल तर फोनवर एवढंच विचारा, "जवळचा चौक कोणता?" आणि तो कागदावर लिहून घ्या. सीताबर्डी कुणी म्हणत नाही, बर्डी म्हणतात.

ऑटोत बसायच्या आधी "सीट की स्पेशल?" हे विचारायचं. सीट म्हणजे चार लोकांसोबत, ठरलेल्या मार्गानं, कमी पैशांत. स्पेशल म्हणजे पूर्ण ऑटो तुमचा. भाडं बसायच्या आधी ठरवा. घरात कुणी शिकलेलं पोर असेल तर त्याच्या फोनवर गाडी बोलावणारं ॲप घेऊन ठेवा, त्यात भाडं आधीच दिसतं. महापालिकेची 'आपली बस'ही आहे, तिचं मोठं ठिकाण बर्डीचं मोर भवन.

ऑटोवाला हिंदीत बोलेल. नागपूरची रीतच तशी आहे; दोन मराठी माणसंही आधी हिंदीत सुरू होतात. तुम्ही आपल्या वऱ्हाडीत बोला. त्याला सगळं समजतं, बहुतेकदा त्याचंही गाव काटोल, उमरेड नाहीतर पवनीकडे असतं. "भाऊ, मेडिकलले येता का?" म्हटलं की तोही "चला ना बाई" म्हणतो. आपली बोली घशात अडकवून ठेवून मोडकी हिंदी बोलणाऱ्या आमच्या गावच्या बाया पाहिल्या की मला कसंसंच होतं. जी बोली आपल्या आईची, तिची लाज त्या शहरात तर मुळीच वाटायला नको.

दवाखाना

जायच्या आधी एकदा विचार करा, नागपूरच गरजेचं आहे का. समुद्रपूर-हिंगणघाटच्या माणसाला सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय जवळ पडतं. पाठवणाऱ्या डॉक्टरलाच विचारा, तिथं होईल का.

नागपूरला जायचं ठरलं तर चिठ्ठीवर दवाखान्याचं पूर्ण नाव लिहून घ्या. नुसतं 'सरकारी दवाखाना' म्हणू नका, कारण एम्स सोडलं तरी शहरात सरकारी मोठे दोन आहेत. मेडिकल दक्षिणेला, अजनीच्या पलीकडे. मेयो रेल्वे स्टेशनजवळ. शिवाय मेडिकलचंच सुपर स्पेशालिटी आहे, ते वेगळ्या इमारतीत. हृदय, मूत्रपिंड, मेंदूचे आजार तिथं पाहतात. एका बाळंतिणीच्या सासूला मी घाईत नाव लिहून दिलं नाही आणि ती दुपारपर्यंत चुकीच्या दवाखान्याच्या दारात बसून राहिली. ती चूक माझी होती. त्यानंतर मी कुणालाही बिनचिठ्ठीचं पाठवलेलं नाही.

बाह्यरुग्ण विभाग सकाळचा असतो, दुपारपर्यंत आटोपतो. म्हणून पहिल्या गाडीनं निघा. दोघं जण जा: एक रांगेत, एक रुग्णाजवळ. तिसरा माणूस फुकट थकतो. आधी कार्ड काढायची रांग, मग विभागाची. विभागात डॉक्टरांची युनिटं असतात आणि त्यांचे वार ठरलेले असतात. तुम्हाला ज्या युनिटनं पाहिलं त्याचा वार कार्डावर लिहून घ्या आणि पुढच्या वेळी त्याच वारी या. नाहीतर नवीन डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून विचारतो. एम्सला ऑनलाइन नंबर लावता येतो, तो घरूनच लावा.

डॉक्टरसमोर गेल्यावर भीड बाळगू नका. काय विचारायचं ते घरून तीन ओळींत लिहून न्या. कोणता आजार आहे, किती दिवस गोळ्या, पुन्हा कधी यायचं. समजलं नाही तर "पुन्हा सांगा साहेब" म्हणा. गावात जो माणूस ग्रामसभेत सरपंचाला खडसावतो, तो डॉक्टरसमोर मान खाली घालून "हो हो" करतो आणि बाहेर येऊन मला फोन करतो, "ताई, काय म्हनलं ते समजलंच नाही." विचारणं हा तुमचा हक्क आहे.

पैशाची अडचण असेल तर लपवू नका. योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याची खिडकी विचारा. मेडिकलमध्ये समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना जाऊन भेटा. खासगी पण धर्मादाय नोंदणी असलेल्या दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला सोबत असेल तर हे मागता येतं. तिथं मागायला कुणी लाजू नये, कायद्यानंच ते ठेवलं आहे.

आणि दवाखान्याबाहेर कुणीही गोड बोलून "लवकर नंबर लावून देतो, स्वस्तात तपासणी करून देतो" म्हणालं तर हात जोडा आणि पुढे व्हा. चिठ्ठी त्याच्या हातात देऊ नका.

काम लवकर आटोपलं तर

आमच्या सासूबाई, त्यांना मी आईच म्हणायची, पोटाच्या दुखण्यासाठी दोन वर्षांत नऊ वेळा नागपूरला आल्या. जायचं, दाखवायचं, परत यायचं. नवव्या वेळी बारा वाजताच मोकळ्या झालो. दवाखान्याच्या फाटकाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तुयं माहेर इथून कोन्या अंगाले हाय वं?"

माझ्या लग्नात त्या रात्री आल्या होत्या आणि पहाटे वरात घेऊन परत गेल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी ते घर उजेडात पाहिलंच नव्हतं, आणि मला कधी सुचलं नव्हतं. मी ऑटोनं त्यांना काँग्रेस नगरला नेलं, तिथून मेट्रोनं बर्डी, बर्डीला गाडी बदलून अग्रसेन चौक. लिफ्टनं चढल्या, लिफ्टनं उतरल्या. गाडीत सगळा वेळ खिडकीतून खाली पाहत होत्या. माग आता नाही, त्याचा खड्डा भावानं बुजवून वर फरशी घातली आहे. "माग कोठी होता?" त्यांनी विचारलं. मी जागा दाखवली. त्या तिथं खाली बसल्या, फरशीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "म्हंजे आपला कापूस इथं येत असन." वहिनीनं केलेला चहा प्यायल्या. चारच्या गाडीनं आम्ही परत आलो. पुढच्या दिवाळीनंतर त्या गेल्या.

म्हणून सांगते, काम झालं की लगेच स्टँडवर पळू नका. दोन तास काढा. शरीर थकलेलं असेल तर नुसतं दीक्षाभूमीला जाऊन बसा. मेडिकलपासून ऑटोनं लांब नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथं धम्मदीक्षा घेतली ती ही जागा. तिथला स्तूप आतून पोकळ आहे, मधल्या गोल सभागृहात बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. चपला बाहेर काढायच्या, आत बोलायचं नाही. दवाखान्याच्या गोंगाटातून आलेल्या माणसाला तिथली शांतता अंगावर पाणी घेतल्यासारखी वाटते. बाहेर बोधिवृक्षाखाली बसता येतं. दसऱ्याच्या वेळी जाल तर लाखोंची गर्दी असते, रस्त्यांवर जागोजागी भोजनदान आणि पुस्तकांचे ठेलेच ठेले. तेव्हा लेकरांचा हात सोडू नका आणि एखादं पुस्तक घेतल्याशिवाय परतू नका.

शाळेतली मुलं सोबत असतील तर गांधीसागर तलावासमोरचं रामन विज्ञान केंद्र. तिथं यंत्रांना हात लावू देतात, म्हणून मुलं निघायला तयार नसतात. १८६३ सालचा अजब बंगला सिव्हिल लाइन्समध्ये आहे. जुन्या मूर्ती, नाणी, शस्त्रं आणि भुसा भरलेले प्राणी. झिरो माइलचा खांब मेट्रो स्टेशनच्या बाजूलाच आहे, १९०७ चा, शेजारी घोड्यांचे पुतळे. देशभरची अंतरं मोजताना या खांबाचा आधार घेतला जायचा, असं सांगतात. त्याच्याजवळून रोज हजारो माणसं न पाहता जातात, तुम्ही पाच मिनिटं थांबा. बर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतात. हायकोर्टाचं काम असेल तर कस्तुरचंद पार्क किंवा झिरो माइलला उतरा आणि थोडं चालून किंवा ऑटोनं जा.

संध्याकाळपर्यंत थांबणार असाल तर फुटाळा तलावावर वारा खायला जा.

खाणं

सकाळी लवकर पोचलात तर तर्री पोहे खा. पोह्यांवर चण्याची लाल तर्री, वरून कांदा, सांबार म्हणजे कोथिंबीर, लिंबू. कस्तुरचंद पार्कच्या बाजूला सकाळी लोक उभ्यानं खातात. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर मात्र आधी ते, मग पोहे. हिवाळ्यात सांबारवडी मिळते, कढीसोबत घ्या.

सावजीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ते आमच्या घरचं जेवण. विणकरांच्या घरातलं हे जेवण पुढे खानावळींतून सगळ्या शहरात गेलं. दिवसभर मागावर बसून पाय जड झालेल्या माणसाला पुढ्यात काहीतरी जागवणारं हवं असायचं. माझी आई खसखस, जवस, दगडफूल वेगवेगळं भाजायची. एकत्र भाजलं की एक करपतं, एक कच्चं राहतं, म्हणायची. ते पाट्यावर वाटून काळा रस्सा. मटणाचाच पाहिजे असं नाही, पाटोडीचा रस्साही तितकाच चांगला. पण रुग्णाला घेऊन आलात तर सावजीच्या वाटेला जाऊ नका, आणि स्वतः खाणार असाल तर "तेज कमी" असं आधी सांगा. परतीच्या दोन तासांच्या प्रवासात पोटाचा त्रास नको.

घरी नेण्यासाठी संत्रा बर्फी चांगली. ताजी संत्री हिवाळ्यात आंबिया बहाराची आणि फेब्रुवारीनंतर मृगाची. मृगाची जास्त गोड असतात, असं माझं मत.

लग्नाचा बाजार

बर्डी आणि इतवारी एका दिवसात करू नका, पाय तुटतात आणि शेवटची खरेदी नेहमी फसते. लग्नासाठी इतवारीकडे जा. गांधीबागेत कापड, इतवारीत सराफा आणि भांडी, मस्कासाथीकडे किराणा-मसाला. मेट्रोनं अग्रसेन चौक किंवा चितार ओळीला उतरलात की सगळं चालत. आधी तीन दुकानं नुसती फिरा, भाव विचारा, मग चौथ्यात बसा. कपड्याचा धागा नखानं ओढून पाहा, काठ उलटा करून पाहा. माझे बाबा काठ पाहिल्याशिवाय लुगड्याला हात लावत नसत. सोन्यावर हॉलमार्कचा सहा अंकी-अक्षरी क्रमांक असतोच असतो, १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे. तो क्रमांक पाहा आणि पक्कं बिल घ्या. बर्डीच्या मेन रोडवर कपडे, चपला, पर्सा स्वस्त, घासाघीस करावी लागते, आणि गर्दीत खिसा सांभाळावा लागतो.

रात्री राहावंच लागलं तर गणेशपेठ, रेल्वे स्टेशनजवळ आणि बर्डीतल्या मोदी नंबर एक, दोन, तीन या गल्ल्यांत लॉज आहेत. आधार लागतं. खोली आधी पाहा, संडास पाहा, मगच पैसे द्या.

परतताना

गणेशपेठला पोचल्यावर चौकशीच्या खिडकीवर जाऊन "जामवर थांबणारी पुढची गाडी कोणती" असं विचारा. नुसतं हिंगणघाट-चंद्रपूर म्हटलं तर न थांबणाऱ्या गाडीत बसाल. कागदांची पिशवी मांडीवर घ्या, वरच्या फळीवर नको. पुढच्या तारखेचं कार्ड गाडीतच पुन्हा एकदा वाचा आणि तारीख फोनमध्ये टाका. रुग्णाला खिडकीजवळ बसवा. जामला उतरल्यावर रात्री आठनंतर आत जायला काहीच मिळत नाही, म्हणून बुटीबोरी मागे पडली की घरी फोन करा, कुणाला तरी मोटरसायकल घेऊन चौरस्त्यावर उभं राहायला सांगा.